अर्धवट पुसलेला फळा



मराठीचा तास संपून गणिताच्या बाई वर्गात आल्या आहेत, असे समजा. त्यांनी फळ्यावरची कविता पुसली, उदाहरणाच्या पहिल्या दोन ओळी लिहिल्या आणि तेवढ्यात त्यांना कार्यालयातून बोलावणे आले. आता फळ्यावर काय आहे? कविता नाही, कारण ती पुसली गेली. उदाहरणही नाही, कारण ते पुरते उतरलेले नाही. पण यात काळजीचे काही नाही. बाई परत येतील आणि राहिलेले लिहितील. कारण लिहायचे कसे, हे फळ्यावर नसते. ते बाईंना ठाऊक असते.

आता थोडी विचित्र कल्पना करा. खडू कसा धरायचा आणि अक्षर कसे काढायचे, हेही त्याच फळ्यावर लिहिलेले आहे, आणि पुसताना तेही पुसले गेले! मग मात्र पुढे लिहिणार कोण?

कारखान्यांतील आणि पंपघरांतील यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांवर असा प्रसंग खरोखर येतो. त्यातून ते कसे सावरतात, हे आज पाहू या.

नियंत्रक कशासाठी?

गावाला पाणी पुरवणारे पंपघर घ्या. उंच टाकीतील पातळी खाली गेली की मोटार सुरू व्हावी, टाकी भरली की बंद व्हावी. विहिरीतच पाणी नसेल तर ती मुळीच सुरू होऊ नये, कारण पाण्यावाचून फिरणारा पंप तापून खराब होतो. हे 'जर असे, तर तसे' प्रकारचे निर्णय पूर्वी रिले घेत. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारे बटण. मोटारगाड्यांच्या कारखान्यांत असे शेकडो रिले तारांनी एकमेकांना जोडलेले असत. कामाची पद्धत बदलली की त्या तारांचे जंजाळ उलगडून पुन्हा जोडावे लागे.

१९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंऐवजी चालेल, तारा न बदलता नव्या सूचना देता येतील, असे उपकरण मागितले. रिचर्ड मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'मॉडिकॉन ०८४' हा नियंत्रक १९६९ मध्ये त्या विभागात पोहोचला. अशा उपकरणाला आज पीएलसी म्हणतात.

नियंत्रकात दोन थरांच्या सूचना असतात. वरच्या थरात आपल्या पंपघराचे नियम असतात : किती पातळीला मोटार सुरू, किती पातळीला बंद. खालच्या थरात नियंत्रकाने स्वतः कसे वागायचे ते असते : तारांवरचे संकेत कसे वाचायचे, घड्याळ कसे चालवायचे, वरचा थर कसा राबवायचा. या खालच्या थराला फर्मवेअर म्हणतात आणि तो नियंत्रक बनवणारी कंपनी लिहिते. त्यात काही दोष सापडला, किंवा बाहेरच्या माणसाला आत शिरता येईल अशी फट दिसली, की कंपनी सुधारलेले फर्मवेअर देते. जुने पुसून नवे लिहावे लागते. आपली गोष्ट येथेच सुरू होते.

एक शब्द बदलण्यासाठी पान पुसायचे

सूचना ज्या चिपमध्ये राहतात ती वीज गेली तरी विसरत नाही. हे कसे साधते? तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म ट्रान्झिस्टरमध्ये विसंवाहक पदार्थाने चहूबाजूंनी वेढलेला एक लहानसा थर असतो. त्यावर इलेक्ट्रॉन नेऊन ठेवले की त्यांना सहजी बाहेर पडता येत नाही. वर्षानुवर्षे ते तेथेच राहतात. इलेक्ट्रॉन अडकवलेले असतील तर तो कप्पा ० असा वाचला जातो, नसतील तर १ असा. अशा ० आणि १ च्या रांगा म्हणजेच सूचना.

इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ च्या सुमारास याच तत्त्वावर 'ईप्रॉम' ही चिप बनवली. तिच्यावर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. तिच्यातले लेखन पुसायचे तर चिप यंत्रातून काढून त्या खिडकीवर काही मिनिटे अतिनील किरण टाकावे लागत. काम कटकटीचे खरे, पण त्यात एक मोठा गुण होता. तंत्रज्ञ नवी चिप आधीच तयार करून आणी आणि जुनी काढून खणात ठेवी. नवी चालली नाही तर जुनी परत बसवी. हा गुण लक्षात ठेवा, तो आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे.

पुढे जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती शोधली आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. आता चिप काढावी लागत नाही. जागच्या जागी विजेनेच पुसता येते. मात्र तिची एक अट आहे. १ चा ० एकेका लहान तुकड्यात करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर एक संपूर्ण खंड एकदम पुसावा लागतो. वहीतला एक शब्द बदलण्यासाठी सगळे पानच कोरे करावे, तसे हे आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अनेक यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या 'एसटीएम३२ एफ४०७' या चिपमध्ये १ मेगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइट फ्लॅश स्मृती असते. तिचे १२ खंड पाडलेले आहेत. सर्वांत लहान खंड १६ किलोबाइटचा, तर मोठा १२८ किलोबाइटचा. असा एक मोठा खंड पुसायला साधारण एक ते दोन सेकंद लागतात. संगणकाच्या हिशेबाने हा फार मोठा काळ झाला!

वीज गेली त्या क्षणी

आता लिहायला किती वेळ लागेल ते काढू. समजा, नवे फर्मवेअर एका तारेतून सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने येत आहे. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, पण सुरुवात, शेवट आणि तपासणी यांच्या खुणा धरून तारेवर ११ बिट पाठवावे लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १०,४७३ बाइट. संपूर्ण १ मेगाबाइट भरायला सुमारे १०० सेकंद लागणार. त्यात पुसण्याचा आणि तपासण्याचा वेळ मिळवा. दोन-तीन मिनिटे तरी अशी जातात की जुने फर्मवेअर गेलेले आहे आणि नवे पुरते आलेले नाही. याच वेळात वीज गेली, तार निसटली, किंवा 'पडद्यावर काहीच दिसत नाही' म्हणून कुणी उतावीळपणे बटण बंद केले, तर?

वीज परत आल्यावर काय होते ते पाहा. वर सांगितलेल्या चिपमधील प्रक्रियक जागा होताच स्मृतीचे पहिले ८ बाइट वाचतो. त्यांतील पहिल्या चारांवरून त्याला तात्पुरत्या नोंदी कुठे ठेवायच्या ते कळते आणि पुढच्या चारांवरून पहिली सूचना कोणत्या पत्त्यावर आहे ते कळते. हा खंड पुसलेला असेल तर तेथे सगळे १ आहेत. बत्तीस वेळा १ म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ हा पत्ता. त्या पत्त्यावर सूचना नाहीतच! प्रक्रियक जागच्या जागी थांबतो. नियंत्रकावरचे दिवे लागत नाहीत, तो कुणाला उत्तर देत नाही. लोक म्हणतात, 'मेला!' पण त्याचे काहीही जळलेले नसते. तो केवळ कोरा असतो.

याहून वाईट अवस्था दुसरीच आहे. सुरुवातीचा भाग नीट लिहिला गेला आणि पुढचा राहिला, तर नियंत्रक सुरू होईल, मोटार चालू करील आणि ती बंद करण्याची सूचना शोधायला जाईल तेव्हा तेथे काहीच नसेल! तेव्हा न चालणाऱ्या नियंत्रकापेक्षा अर्धवट चालणारा नियंत्रक अधिक घातक. म्हणून सावरण्याची पहिली पायरी 'चालू करणे' ही नसून 'अर्धवट असेल तर चालू न होणे' ही आहे.

गणिताचा ताळा

पण लेखन अर्धवट आहे, हे यंत्राने ओळखावे कसे? तुम्ही गणित सोडवल्यावर ताळा पाहता, तसेच.

समजा, मला ५८,३४२ ही संख्या पाठवायची आहे. मी तिला ९७ ने भागतो. बाकी ४५ उरते. मी संख्येबरोबर ४५ हा ताळाही पाठवतो. वाटेत दोन अंकांची अदलाबदल होऊन तुमच्याकडे ५८,३२४ आले, तर तुम्ही भागाकार केल्यावर बाकी २७ येईल. ४५ आणि २७ जुळत नाहीत, म्हणजे काहीतरी चुकले. अंकांची नुसती बेरीज केली असती तर ही चूक सापडली नसती, कारण दोन्हींची बेरीज २२ च येते. म्हणून भागाकाराचा ताळा अधिक भरवशाचा.

नियंत्रक साधारण असेच करतो. सबंध फर्मवेअर ही ० आणि १ यांची एक प्रचंड संख्या समजून तो तिला ठरलेल्या संख्येने एका विशेष रीतीने भागतो आणि बाकी ठेवतो. या रीतीला सीआरसी म्हणतात. ३२ बिटांची बाकी ठेवली, तर भलत्याच मजकुराचा ताळा निव्वळ योगायोगाने जुळण्याचा संभव ४,२९,४९,६७,२९६ मध्ये एक इतका कमी असतो.

येथे क्रमालाही महत्त्व आहे. 'लेखन पूर्ण झाले' ही खूण सर्वांत शेवटी, ताळा जुळल्यावरच लिहायची. उत्तरपत्रिका पुरी होण्याआधीच कुणी 'समाप्त' लिहिते का? खूण नसेल तर लेखन अपुरे आहे, हे यंत्राला लगेच समजते.

कधीही न पुसायचा कोपरा

ताळा पाहायचा, पण तो पाहणार कोण? फर्मवेअर तर पुसलेले आहे. सुरुवातीच्या आपल्या कोड्याचे उत्तर येथे आहे. फ्लॅशच्या आरंभीच्या एका खंडात एक छोटी स्वतंत्र सूचनावली ठेवतात. तिला बूटलोडर म्हणतात. फर्मवेअर बदलताना बाकीचे सगळे खंड पुसतात, पण हा कोपरा पुसत नाहीत. पूर्वी सांगितलेले पहिले ८ बाइटही याच कोपऱ्यात येतात. त्यामुळे प्रक्रियक जागा झाला की सर्वांत आधी बूटलोडरच चालतो.

बूटलोडर मोजकीच कामे करतो. फर्मवेअरची खूण व ताळा पाहतो. जुळले तर सूत्रे त्याच्याकडे सोपवतो. न जुळले तर मोटारींना जाणाऱ्या सगळ्या वाटा बंद ठेवतो, एखादा दिवा लुकलुकवतो आणि तारेवर कान देऊन बसतो : 'कुणीतरी मला नवे फर्मवेअर द्या.' ज्या फांदीवर बसलो ती तोडायची नाही, एवढेच शहाणपण त्याच्या मुळाशी आहे.

पंपघरात काय करतात?

आता आपण तंत्रज्ञाबरोबर पंपघरात जाऊ. नियंत्रक गप्प आहे आणि गाव पाण्याची वाट पाहत आहे. घाई होणे साहजिक आहे, पण क्रम चुकवून चालत नाही.

सर्वांत आधी तो नियंत्रकाला हात लावत नाही; मोटारीची वीज तोडून तिच्या मुख्य खटक्याला कुलूप घालतो. दुरुस्ती चालू असताना मोटार अचानक फिरली तर माणसाचा हात जाऊ शकतो. विहिरीतील पाणी कमी झाल्यास मोटार तोडणारा तरंगता स्विच आणि तातडीने थांबवण्याचे लाल बटण यांच्या तारा चांगल्या पंपघरात नियंत्रकातून न नेता थेट मोटारीच्या मंडलात जोडलेल्या असतात. त्यामुळे जाणकार माणूस समोर उभा राहून हाताने पंप चालवू शकेल आणि गावाची तहान भागेल.

मग तो थांबून दिवे पाहतो. कधी कधी लेखन अजून चालूच असते. पुस्तिकेत दिलेला वेळ संपेपर्यंत वीज बंद करायची नाही. पुनःपुन्हा बंद-चालू करून पाहणे हा उपाय नव्हे. त्याने उलट चालू असलेले काम मोडते.

दिवा 'फर्मवेअर द्या' असे सांगत असेल, तर तो नियंत्रकाचा प्रकार आणि आवृत्ती पाटीवरून वाचून घेतो. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांचे फर्मवेअर वेगळे असू शकते. मूळ फाइल कंपनीकडूनच घेतो, तिचाही ताळा पाहतो. नियंत्रक आणि आपला संगणक दोघांनाही बॅटरीचा आधार देतो. जी चूक एकदा झाली ती पुन्हा कशाला?

मग लेखन. येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल : निम्मे लिहून झाले होते, तर उरलेले निम्मेच का लिहू नये? कारण वीज नेमकी पुसताना गेली असेल, तर काही कप्प्यांतील इलेक्ट्रॉन अर्धेच बाहेर पडलेले असतात. असा कप्पा आज १ वाचला जाईल आणि उद्या थंडीत किंवा उन्हात ० वाचला जाईल. म्हणून तो खंड पूर्ण पुसून पहिल्यापासून लिहिणे हेच खरे.

फर्मवेअर आले, ताळा जुळला. पण काम संपले का? नाही. वरच्या थरातील पंपघराचे नियम आणि पातळ्यांचे आकडे या गडबडीत गेलेले असू शकतात. ते जपून ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा भरावे लागतात. प्रत नसेल तर फर्मवेअर परत येऊनही नियंत्रकाला गावाची टाकी किती उंच आहे हे ठाऊक नसते! आकडे भरल्यावर मोटारीची वीज तोडलेलीच ठेवून तो एकेक संकेत तपासतो : तरंगता स्विच उचलला की योग्य दिवा लागतो का? सगळे जुळल्यावरच कुलूप निघते.

बूटलोडरही गेला असेल तर?

तरीही वाट असते. आपल्या उदाहरणातील चिपमध्ये कारखान्यातच लिहिलेला आणखी एक छोटा बूटलोडर असतो. तो वेगळ्या, लेखनापासून राखलेल्या स्मृतीत असतो, त्यामुळे आपल्याला तो पुसताच येत नाही. चिपचा 'बूट-०' नावाचा पाय विजेच्या धन बाजूस जोडून वीज दिली की प्रक्रियक फ्लॅशकडे न जाता या बूटलोडरकडे जातो. मग संगणकाने तारेवर १२७ हा आकडा पाठवायचा. द्विमान पद्धतीत तो ०११११११११ नव्हे, तर ०१११११११ असा, म्हणजे सात वेळा १, लिहितात. त्याच्या खुणांमधील वेळ मोजून चिप बोलण्याचा वेग ओळखते आणि १२१ हे उत्तर देते. गप्प पडलेल्या नियंत्रकाकडून आलेला हा एक आकडा पाहून तंत्रज्ञाचा जीव भांड्यात पडतो. पुढे २५६ बाइटांचा एकेक तुकडा जातो, प्रत्येकाचा ताळा पाहिला जातो आणि पोच मिळते. १ मेगाबाइटसाठी असे ४,०९६ तुकडे!

तेही न जमल्यास जेटॅग नावाची जोडणी असते. तिच्यातून प्रक्रियकाच्या आतच हात घालून फ्लॅश लिहिता येते. पण त्यासाठी पेटी उघडावी लागते, आणि ते काम बहुधा कंपनीच्या दुरुस्तीशाळेतच होते.

जेथे पेटी उघडता येत नाही

यंत्र मंगळावर असेल तर? 'व्हायकिंग-१' हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले आणि सहा वर्षांहून अधिक काळ चालले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्याच्या थकत चाललेल्या बॅटऱ्या नीट भारित व्हाव्यात म्हणून पृथ्वीवरून नव्या सूचना पाठवल्या. त्यांत चूक होती. अँटेना पृथ्वीकडे कशी वळवायची, ही माहिती जेथे होती त्याच जागेवर नवे लेखन झाले. यानाचे कानच पृथ्वीवरून वळले. चूक समजली, पण दुरुस्ती ऐकायला तिकडे कुणी उरले नव्हते. संपर्क पुन्हा झाला नाही.

याउलट 'स्पिरिट' या मंगळगाडीचे पाहा. जानेवारी २००४ मध्ये ती उतरली आणि थोड्याच दिवसांत तिच्या संगणकाला फ्लॅशमधील फाइलींची यादी सांभाळताना कामाची स्मृती पुरेना. तो बंद पडे, पुन्हा सुरू होई, फ्लॅशकडे जाई आणि पुन्हा बंद पडे. असे साठांहून अधिक वेळा झाले. पण 'फ्लॅशकडे न पाहता सुरू हो' ही आज्ञा पाळण्याची सोय तिच्यात ठेवलेली होती. अभियंत्यांनी ती वापरली, गाडी शांत केली आणि फेब्रुवारीत फ्लॅश पुसून नव्याने मांडली. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी २०१० सालापर्यंत पृथ्वीशी बोलत राहिली.

दोन यानांत फरक कोणता? एकात ऐकण्याचे साधनच बदलाखाली सापडले, दुसऱ्यात ते बदलापासून दूर राहिले.

म्हणूनच आज अनेक नियंत्रकांत फर्मवेअरसाठी दोन जागा ठेवतात. एका जागेवरचे जुने चालू असतानाच दुसऱ्या जागी नवे लिहितात, ताळा पाहतात, आणि मगच 'आता इकडून सुरू हो' अशी एक छोटी खूण बदलतात. वीज गेलीच तर जुने शाबूत असते. स्मृती दुप्पट लागते खरी, पण ईप्रॉमच्या काळात तंत्रज्ञाच्या खणात असलेली जुनी चिप आता यंत्राच्या पोटातच आली, असे म्हणाना!

करून पाहा

१. ७१,६०४ या संख्येला ९७ ने भागून ताळा काढा. मित्राला ती ७१,६४० अशी सांगा. ताळा काय सांगतो? (उत्तर : १८ आणि ५४.)

२. ५८,३४२ ऐवजी अशी एक चुकीची संख्या शोधा की जिचा ९७ चा ताळा तरीही ४५ येईल. अशा संख्या एकमेकींपासून कितीच्या अंतरावर असतात?

३. ५१२ किलोबाइट फर्मवेअर वर दिलेल्या वेगाने भरायला किती सेकंद लागतील? (१ किलोबाइट = १,०२४ बाइट; उत्तर : सुमारे ५०.)

४. वर्गातील फळ्याचे दोन भाग करा. एका भागावरचा धडा न पुसता दुसऱ्यावर नवा धडा लिहा आणि 'हा वाचा' असा बाण शेवटी काढा. लेखन मध्येच थांबवले तर वाचणाऱ्याची अडचण होते का? बाण आधीच काढला असता तर काय झाले असते, यावर शिक्षकांशी चर्चा करा.